वाल्लीच्या तब्येतीचे अहवाल

ओल्डरझील, २ जून

टोम्मा,

मला पत्र लिहू नकोस, असं तू फेब्रुवारीत दारातून बाहेर पडताना म्हणाली होतीस. माझ्या ते लक्षात आहे. म्हणून हे पत्र नाही. हा वाल्लीच्या तब्येतीचा अहवाल आहे. घोडी आपल्या दोघांच्या नावावर आहे, तेव्हा अर्ध्या घोडीची माहिती तुला मिळायला हवी, असं शेजारची हिल्के म्हणते. कुठलं अर्धं, ते तिने सांगितलं नाही. मी पुढचं धरतो, कारण दुखणं पुढच्या पायांत आहे.

डॉक्टर हार्म्सबाई काल येऊन गेल्या. दोन्ही खुरांच्या आतली सूज उतरली आहे. नालबंदाने बसवलेले ते जाड नाल तिला मानवले. बाई म्हणाल्या, "गेर्येट, आता तिला चालवायला लागा. हाताने धरून, मऊ जमिनीवर. रोज दहा मिनिटं."

"अकरा झाली तर?"

"तर अकरा झाली."

हे काय डॉक्टरचं बोलणं झालं? चार महिने घोडी तबेल्यात पाय उचलत नव्हती आणि या बाईंना मिनिटाची किंमत नाही. म्हणून मी आपल्या आईचं अंडी उकडायचं घड्याळ खिशात ठेवतो. तेच, कोंबडीच्या आकाराचं, मान पिरगाळून चावी द्यायचं. दहा मिनिटं झाली की कोंबडी खिशात किंचाळते. मी थांबतो, वाल्ली थांबते. गाजराचा एक काप तिला, एक मला.

रोज नऊ वेळा खुराच्या वर बोटं ठेवून नाडी बघतो. परवा लागलीच नाही तेव्हा माझाच जीव गेला होता. नंतर कळलं, मी लाकडी खांबाला धरून बसलो होतो, तबेल्यात अंधार होता. अलीकडे माझ्याही पायांच्या अंगठ्यांना मुंग्या येतात. हार्म्सबाईंना दाखवायला बूट काढला, तर म्हणाल्या, "मी घोड्यांची डॉक्टर आहे." म्हटलं, "म्हणूनच तर दाखवतोय."

तू जाताना जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेव्हा दिलं तेच आहे. वाळलेलं गवत. मी तिला गवत घालत होतो. तो विषय पुन्हा नको.

सोबत चहाचा पुडा पाठवतोय. तिकडे बव्हेरियात तुझ्या लेकाकडे डोंगर भरपूर असतील, पण चहा काय मिळत असेल ते मला ठाऊक आहे.

गेर्येट

ओल्डरझील, २६ जून
अहवाल दुसरा

टोम्मा,

तुझं कार्ड मिळालं. डोंगर छान आहे. मागचा मजकूर हिल्केला दाखवला, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचतोय. तिने मोठ्याने वाचला: "एक नोव्हेंबरला घोड्यांची गाडी पाठवते. त्याआधी वाल्लीने क्लबच्या स्पर्धेत एक परीक्षा पुरी केली, तर राहू दे तुझ्याकडे. नाहीतर ती इकडे." बस्स. खाली नाव. चहाबद्दल काही नाही.

टोम्मा, तू असं कसं लिहू शकतेस? बव्हेरियात तिला कोण ओळखतं? तिला डाव्या कानामागे खाजवायचं असतं, उजव्या नाही, हे त्यांना कोण सांगणार? तिकडचे लोक बोलतात ते माणसांना कळत नाही, घोडीला काय कळणार? आणि मी काय करायचं? सकाळी पाच वाजता उठून कुणाचं शेण काढायचं?

घोडेस्वारीच्या क्लबची स्पर्धा ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. आणि बसणार कोण? बसत तू होतीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा, घोडीवर चढलो तर उतरवायला अग्निशामक दल लागेल. मी हे सगळं रडगाणं गातोय तोवर हिल्केने तुझी टोपी खुंटीवरून काढून डोक्यावर चढवलीही होती.

"मी बसते," ती म्हणाली. "तीस वर्षं पोस्टाच्या सायकलवर बसून सगळ्या गावाची पत्रं वाटली. त्याआधी पाच वर्षं मी याच क्लबात ड्रेसाज, घोड्याला मोजूनमापून चालवणं, शिकले आहे, विसरलास? घोडी बरी. तिच्या मागे कुत्री लागत नाहीत."

"अगं, तू एकसष्टची आहेस."

"आणि ही चौदाची. सरासरी काढ म्हातारबा, आम्ही दोघी ऐन भरात आहोत."

परीक्षा सगळ्यात खालच्या पायरीची, म्हणजे त्यात वाचक चालतो. रिंगणाच्या कडेला उभं राहून, पुढे कुठल्या अक्षराच्या पाटीपाशी काय करायचं ते वाचून दाखवणारा. ते काम माझ्याकडे आलं आहे. आठवीतून बाबांनी मला गोठ्यात ओढला. मला अक्षरं आली ती शाळेत नव्हे, रिंगणाच्या कुंपणावरच्या पाट्यांवरून. ए नंतर के येतो असंच मला आजही वाटतं. आणि मधोमध एक्स, ज्याला पाटीच नाही, नुसतं आहे असं मानायचं. आता सगळ्या गावासमोर चष्मा लावून मी वाचायचं.

झोप गेली आहे. नाडी ठीक. माझी नाही, तिची.

गेर्येट

ओल्डरझील, २२ जुलै
अहवाल तिसरा

टोम्मा,

आज हिल्के पहिल्यांदा वर बसली. वीस मिनिटं, नुसती संथ चाल, एकही वळण घट्ट नाही. वाल्लीने आधी मागे वळून बघितलं. मला वाटतं ती तुला शोधत होती. मग तिने एक मोठा उसासा टाकला आणि निघाली. पहिली पाच मिनिटं ओल्या बर्फावरून चालल्यासारखी, पाय टेकू की नको अशी. सहाव्या मिनिटाला मान खाली आली, पाठ सैल झाली, शेपटी डावीउजवीकडे डुलायला लागली. तुला माहीतच आहे कशी. मी कुंपणाला धरून उभा होतो. डोळ्यांत काहीतरी गेलं. वारा होता.

विसाव्या मिनिटाला कोंबडी किंचाळली आणि काय सांगू, वाल्ली जागच्या जागी थांबली. चारही पाय एका चौकोनात, मान कमानदार, पुतळ्यासारखी. हिल्केने काहीच केलं नव्हतं. "ही बया माझं ऐकत नाही, तुझ्या खिशाचं ऐकते," ती म्हणाली. घोडी किती हुशार आहे बघ. मी तिला दोन काप दिले.

गावातली खबर म्हणजे फोल्कर्ट बेकरीवाला म्हातारा व्हायला लागला आहे. सकाळी मला दुकानात बाजूला घेऊन कुजबुजला, "घोडी बरी झाली म्हणतात. मग पुन्हा पिशवी ठेवायला लागू का? एकच की दोन्ही?"

म्हटलं, "दोन्ही कसल्या?"

तो तोंडावर हात ठेवून आत निघून गेला. पाव भाजताना डोक्यावर उष्णता चढत असेल.

पिशवी कसली ते विचारू नकोस. उरलेला ब्रेड असतो, कोंबड्यांसाठी. आपल्याकडे कोंबड्या नाहीत हे मला माहीत आहे. पाळायचा विचार होता.

चहाचा आणखी एक पुडा.

गेर्येट

ओल्डरझील, १९ ऑगस्ट
अहवाल चौथा

टोम्मा,

तुझं कार्ड आलं. "फोल्कर्टला म्हणावं तोंड बंद ठेव. चहा मिळाला. खडीसाखर कुठे आहे?"

खडीसाखर पाठवतोय, अर्धा किलो, मोठे खडे. माझंच चुकलं. पेल्यात खडा तडकल्याचा आवाज आला नाही तर तो चहा कसला? पण फोल्कर्टवर तू का चिडलीस ते कळलं नाही. बिचारा मला दिसला की पीठ चाळायला पळतो.

दुडकी चाल सुरू झाली! आधी एकच मिनिट. हार्म्सबाईंनी स्वतः उभं राहून बघितलं. पाय चारही सारखे पडतात, लंगडण्याचं नाव नाही. त्या म्हणाल्या, "गेर्येट, आता तुम्ही श्वास घेतलात तरी चालेल." त्यांनी कागदावर पुढच्या आठवड्यांची मिनिटं लिहून दिली आहेत. तो कागद मी तबेल्यात, स्वयंपाकघरात आणि टोपीत ठेवला आहे. तीन वेळा उतरवून काढला. एका प्रतीत पंधराच्या जागी पंचवीस झालं होतं, ते चौथ्या दिवशी लक्षात आलं. घाबरू नकोस, ती टोपीतली होती आणि त्या दिवसांत मी टोपी घातली नव्हती.

वाचण्याची तालीमही चालू आहे. मी वाचेपर्यंत हिल्के पाटी ओलांडून गेलेली असते.

"अरे, मी भिंतीत शिरल्यावर वळायला सांगतोस होय?" ती ओरडते.

"तू हळू चाल."

"दुडकीत हळू कशी चालू? तू भरभर वाच!"

शेवटी मी सगळी परीक्षा पाठच केली. कागद समोर धरतो, पण बघतो वाल्लीच्या पायांकडे. हे कुणाला सांगू नकोस. गावात सगळ्यांना वाटतंय मी वाचतो.

गेर्येट

ओल्डरझील, ९ ऑक्टोबर, संध्याकाळ
अहवाल पाचवा

टोम्मा,

स्पर्धा झाली. हवा कोरडी होती. वाल्ली छान चालली. तिच्या थांबण्याचं न्यायाधीशबाईंनी विशेष कौतुक केलं. तसा शेराच लिहिला आहे. पाय गार आहेत, म्हणजे सूज नाही, नाडी ठीक.

बाकी सविस्तर पुढे कधीतरी. तेव्हा गाडी पाठवण्याची गरज दिसत नाही.

गेर्येट

ओल्डरझील, ११ ऑक्टोबर
अहवाल सहावा

टोम्मा,

पाचव्या अहवालात मी खोटं काही लिहिलं नाही. पण हिल्केने विचारलं, "टोम्माला काय कळवलंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "गेर्येट, तीस वर्षांत मी एकही पत्र उघडलं नाही. पण हे उघडून फाडलं असतं." म्हणून पुन्हा लिहितो.

हार्म्सबाईंच्या कागदावर त्या आठवड्यासाठी पस्तीस मिनिटं होती, सगळी मिळून. हिल्के वर बसली तशी मी सवयीने कोंबडीची मान पिरगाळली, पस्तीसवर, आणि खिशात टाकली. हिशेब बरोबर होता. पंधरा मिनिटं अंग मोकळं करायला, पाच मिनिटं परीक्षा, वर पंधरा शिल्लक. पण आमच्या आधीचा घोडा रिंगणाच्या तोंडाशी ठेवलेल्या फुलांच्या कुंड्या बघून आत जाईना. त्याला पुढून ओढला, मागून ढकलला, शेवटी कुंड्याच उचलून न्याव्या लागल्या. यात सतरा मिनिटं गेली. वाल्ली बाहेर गोल फिरतच होती. आणि कोंबडी खिशात आहे हे मी साफ विसरलो होतो, कारण मला पहिली ओळ आठवत नव्हती.

आत गेल्यावर आठवली. टोम्मा, तू बघायला हवं होतंस. मी वाचत होतो, माझा आवाज अगदी क्लबच्या कँटीनपर्यंत जात होता, आणि ती अशी चालत होती की जणू फेब्रुवारी आलाच नव्हता. दौडसुद्धा मारली, दोन्ही बाजूंना. फोल्कर्ट टाळ्या वाजवायला लागला, त्याला लोकांनी गप्प केलं. मग मी म्हणालो, "कोपऱ्यातून तिरकं, एक्सवरून, लांब दुडकी." आणि ती बरोबर एक्सवर आली, जिथे पाटी नाही, आणि माझ्या खिशात कोंबडी किंचाळली.

वाल्ली थांबली. चारही पाय एका चौकोनात. मान कमानदार. मग तिने तोंड माझ्याकडे वळवलं, गाजरासाठी.

मी खिसा दोन्ही हातांनी आवळला. कोंबडी बंद होईना. "चल गं बाई," हिल्के म्हणाली. "चल गं माझी राणी." मग, "चल गं टवळे!" न्यायाधीशबाईंनी चूक झाली म्हणून त्यांची घंटा वाजवली. वाल्लीला वाटलं ही दुसरी कोंबडी. ती आणखीच ताठ उभी राहिली. बाईंनी पुन्हा वाजवली. तिने दोन काप मिळणार असं गृहीत धरलं आणि डोळेच मिटले. वीस सेकंद घोडा हलला नाही की बाद, असा नियम आहे. एकवीस झाले. मला मोजता येतं.

कागदावर बाईंनी खाली लिहिलं आहे: "थांबणं अप्रतिम. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. निघणं शिकवावं."

सगळं गाव हसलं. मीही हसलो, न हसून करतो काय? घरी येऊन कोंबडी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो.

म्हणजे परीक्षा पुरी झाली नाही. तुझ्या अटीप्रमाणे वाल्ली तिकडे जाणार. आता ती जाणारच आहे तर एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी, कारण तिकडे तिला काय द्यायचं नाही ते त्यांना सांगावं लागेल.

ब्रेड द्यायचा नाही. तिची खुरं त्यानेच सुजली.

आई चुलीवर कडक वाळवून घोड्याला दोन तुकडे द्यायची, आठवतं? मीही तसंच सुरू केलं. मग वाटलं तिच्या दाढा दुखत असतील, म्हणून वाळवणं सोडलं. फोल्कर्ट उरलेले पाव पिशवीत ठेवायचा, मऊ, कधीकधी गोडसुद्धा. तुला सांगू नकोस असं मी त्याला शपथेवर बजावलं होतं. एकाचे दोन झाले, दोनाचे चार. रोज संध्याकाळी चार, दीड वर्ष.

का, ते विचारशील. तुझ्यासाठी ती नाचायची. तू लगाम हातात घेतलास की तिचा चेहराच बदलायचा. माझ्यासाठी ती काय करायची? मी शेण काढायचो, ती बाजूला सरकायची, तेवढाच आमचा संबंध. पण पिशवीचा आवाज आला की ती सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी खिंकाळायची. इतक्या आनंदाने मला दुसऱ्या कुणी कधी हाक मारलेली नाही.

फेब्रुवारीत हार्म्सबाईंनी विचारलं, काय काय खाते? मी म्हणालो, गवत. तूही म्हणालीस, गवत. तू खरं सांगत होतीस आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून खोटं. म्हणून तू ओरडलीस तेव्हा मी दुप्पट ओरडलो. तू बॅग भरलीस आणि मी तुला थांब म्हणालो नाही, कारण थांबली असतीस तर सांगावं लागलं असतं.

गाडीवाल्याला सांग, दरवाजा उघडताना आपटू नकोस, तिला आवाज चालत नाही. डाव्या कानामागे खाजवायचं. मी तिची सगळी औषधं आणि कागद बांधून ठेवतो, टोपीतला सोडून.

गेर्येट

ओल्डरझील, २९ ऑक्टोबर

प्रिय टोम्मा,

तुझं कार्ड आत्ता आलं. पोस्टाची नवी मुलगी हातात देऊन जात होती, तेवढ्यात हिल्केने कुंपणावरून ते तिच्या हातातून घेतलं. सवय. ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. मी म्हणालो, "काय लिहिलंय? गाडी लवकर येतेय का?" तर म्हणाली, "हे तूच वाच. सावकाश वाच." मी चष्मा लावला. पहिल्यांदाच तू कार्डाच्या कडेनेही लिहिलं आहेस, उलटंसुलटं करून वाचावं लागलं:

"गेर्येट, मीही देत होते. सकाळी, तू दूध आणायला जायचास तेव्हा. तीन. फोल्कर्टला मीही शपथ घातली होती. मला वाटलं माझ्याचमुळे झालं, म्हणून तुझ्यावर ओरडले आणि निघून आले. गाडी एक तारखेला येईल. मी तिच्यात बसून येतेय. परत जाताना ती रिकामी जाईल. चहा करून ठेव."

मी तबेल्यात जाऊन बसलो. चार आणि तीन सात. रोज सात पाव, टोम्मा! आणि आपण दोघं जेवणाच्या टेबलावर बसून चर्चा करायचो की ही नुसत्या गवतावर इतकी जाड कशी होते. ती मात्र सकाळी तुला खिंकाळायची, संध्याकाळी मला, आणि आपल्या दोघांनाही कळू दिलं नाही.

हार्म्सबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "सात?" मग म्हणाल्या, "ती आजारी पडली याचं मला आता नवल वाटत नाही. ती उभी होती याचं वाटतं." फोल्कर्टकडेही गेलो. मला बघून तो पिठाकडे पळाला, तेव्हा मागून ओरडलो, "शपथ सुटली!" तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दीड वर्ष! दीड वर्ष मी तुम्हा भावंडांपैकी एक मागच्या दाराने गेलं की दुसऱ्यासाठी पुढचं दार उघडत होतो."

हे पत्र पोचेपर्यंत तू निघालेली असशील. तरी टाकतोय. तुझा लेक ते परत इकडे पाठवेल, तेव्हा तू मला वाचून दाखव.

तुझ्या खोलीतली शेगडी पेटवली आहे, धूर होतोय पण जाईल. तुझी टोपी हिल्केने परत खुंटीवर लावली, आतून पोस्टाच्या रबरबँडने आवळली आहे, तेवढं सैल कर. कोंबडी मी कपाटात ठेवली आहे आणि किल्ली हिल्केकडे आहे. आज वाल्लीला कोंबडीशिवाय फिरवलं, मनातल्या मनात मोजून. पस्तीसला मीच "थांब" म्हणालो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं गाजर मागेल. मागितलं नाही. थांबली मात्र.

वसंतात क्लबची पुन्हा स्पर्धा आहे. बसणार तू. मी वाचेन. या वेळी खरंच वाचेन.

रस्त्यात वारा असेल, मफलर गुंडाळ. गाडीवाल्याला हळू चालव म्हण. फार हळू नको, अंधार पडेल.

तुझा भाऊ
गेर्येट

ता. क. येताना तिच्यासाठी काही आणू नकोस.

ता. क. दुसरा. सफरचंदसुद्धा नको. मी तुझी पिशवी बघणार आहे. तू माझी बघ.